कंत्राटी की कायम? कौशल्य कोणाचे, जाणतेपण कोणाकडे?

पुण्यातील हिंजवडी असो, नवी मुंबईतील ऐरोली असो किंवा बंगळुरूचे व्हाईटफिल्ड. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेक मोठ्या कार्यालयांत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर दोन प्रकारची माणसे काम करताना दिसतात. एकाचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असते, तर दुसऱ्याचे मनुष्यबळ पुरविणाऱ्या तिसऱ्याच एखाद्या संस्थेच्या. काम तेच, वरिष्ठ तोच, मुदतीची घाईही तीच. या दोघांविषयी दोन परस्परविरोधी समज रूढ आहेत. कंत्राटी अभियंता बारा गावचे पाणी प्यालेला असतो, टिकून राहण्यासाठी त्याला सतत नवे शिकावे लागते, म्हणून तो अधिक तरबेज. उलट नोकरी कायम झाली की माणूस सुस्तावतो, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार कंत्राटी माणूस आज येथे तर उद्या तेथे. त्याला प्रणालीच्या भवितव्याचे सोयरसुतक नसते, म्हणून खरी जबाबदारी कायम कर्मचारीच पेलतो.

वरवर पाहता हा चहाच्या टपरीवर रंगणारा वाद वाटेल. पण बँकेतील ठेवी, रुग्णालयातील नोंदी, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि रेल्वेची आरक्षणे ज्या प्रणालींवर चालतात, त्या या दोघांच्या हातून घडतात आणि त्यांच्याच हातून सांभाळल्या जातात. कोणते काम कोणाकडे सोपवावे याचा निर्णय चुकला, तर त्याची किंमत शेवटी सामान्य ग्राहकाला मोजावी लागते. म्हणूनच या दोघांच्या क्षमतेची तुलना नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

शब्द एक, माणसे अनेक

मुळात ‘कंत्राटी’ या एका शब्दाखाली अगदी भिन्न माणसे येतात. स्टीफन बार्ली आणि गिडियन कुंडा या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅलीमधील तांत्रिक कंत्राटदारांचा दीर्घकाळ अभ्यास करून २००४ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘गुरूज, हायर्ड गन्स अँड वॉर्म बॉडीज’ हे त्याचे शीर्षकच बोलके आहे. कंपनीत कोणालाच न सुटणारे कोडे सोडविण्यासाठी बोलावलेला तज्ज्ञ, ठरावीक कामगिरी फत्ते करून निघून जाणारा कसबी माणूस आणि केवळ डोकी मोजण्यासाठी भरलेला मनुष्य, या तिघांनाही कागदोपत्री एकच नाव असते. साहजिकच ‘कंत्राटदार किती कुशल’ या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळू शकत नाही.

त्यात देशपरत्वे फरक पडतो तो वेगळाच. ब्रिटन-अमेरिकेत स्वतंत्र कंत्राटदार बहुधा अनुभवी असतो आणि कायम नोकरापेक्षा चढा दैनिक दर आकारतो. अर्थात त्या दरात भरपगारी रजा, निवृत्तिवेतन आणि दोन कामांमधील रिकामे दिवस यांची भरपाईही धरलेली असते. भारतात मात्र ‘थर्ड पार्टी पेरोल’वरील अभियंत्याच्या वाट्याला अनेकदा कायम सहकाऱ्यापेक्षा कमी सुविधा आणि अधिक अनिश्चितता येते.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. भारतीय सॉफ्टवेअर उद्योग उभा राहिला तोच मुळी परदेशी कंपन्यांची कंत्राटे घेऊन. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसपासून पुढच्या अनेक कंपन्यांचा हाच मार्ग होता. सन २००० च्या उंबरठ्यावर जुन्या प्रणालींमधील दोन आकडी वर्षांचा प्रश्न सोडविण्यासाठी हजारो भारतीय अभियंते कामाला लागले तेही कंत्राटावरच. पुण्यात ‘कायम नोकरी’ असलेला अभियंता न्यूयॉर्कमधील बँकेच्या लेखी बाहेरचा, कंत्राटी माणूस असतो. विमान अटलांटिक ओलांडते तेव्हा त्याच्या बुद्धीत काही घट होत नाही. बदलते ते त्याच्याकडे पाहणाऱ्याचे खाते.

तुलना फसते कोठे?

प्रोग्रॅमरांच्या क्षमतेत प्रचंड तफावत असते, हे फार पूर्वीच लक्षात आले होते. सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट या तिघांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकापुढे बसून काम करणे बरे की आधी कागदावर काम करून नंतर ते संगणकाला देणे बरे, हे त्यांना तपासायचे होते. प्रत्यक्षात त्यांच्या हाती लागली ती वेगळीच गोष्ट. सारख्याच अनुभवाच्या माणसांना तेच काम पूर्ण करण्यास लागणाऱ्या वेळेत कित्येक पटींचा फरक आढळला. हा फरक नेमका किती पट, याविषयी पुढे बरेच वाद झाले. पण माणसामाणसांतील अंतर मोठे असते हा निष्कर्ष टिकून राहिला. दोन गटांच्या सरासरीत थोडाफार फरक असला, तरी एकाच गटातील उत्तम आणि सामान्य यांच्यातील दरी त्याहून मोठी असेल, तर ओळखपत्रावरून माणसाची पारख करणे व्यर्थ ठरते.

दुसरी अडचण कामाच्या वाटपाची आहे. कंत्राटदार बोलावले जातात ते अनेकदा प्रकल्प रखडल्यावर. आयबीएममध्ये ओएस/३६० या प्रणालीच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात एक नियम मांडला. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली, की त्याला आणखी उशीर होतो. नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि माणसे वाढतील तसे त्यांच्यातील संवादाचे धागे त्याहून वेगाने वाढतात. अशा प्रकल्पात उतरलेला कंत्राटदार अपयशाच्या वेळी हजर असतो आणि दोष त्याच्या माथी येतो. रुग्णवाहिका नेहमी अपघाताच्या ठिकाणी दिसते म्हणून अपघात तिच्यामुळे होतात असे म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे. याउलट, कायम कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे चालत आलेल्या प्रणालीची कंटाळवाणी देखभाल करावी लागते आणि नवलाईची कामे बाहेरच्यांना मिळतात. मग कायम माणूस ‘जुनाट’ ठरला तर नवल नाही.

हातचे कसब आणि ठायीचे जाणतेपण

संगणक अभियंत्याच्या क्षमतेचे दोन भाग पाडले की चित्र बरेच स्पष्ट होते. पहिला भाग कसबाचा. जावा किंवा पायथॉनसारखी भाषा, विदागार, क्लाऊड, सुरक्षेची तंत्रे यांवरील प्रभुत्व माणूस जेथे जाईल तेथे सोबत नेतो. दुसरा भाग त्या विशिष्ट प्रणालीच्या जाणतेपणाचा. हा नियम असाच का लिहिला गेला, हा विचित्र दिसणारा तुकडा काढला तर महिनाअखेरीस कोणता हिशेब कोलमडेल, कोणत्या विभागातील कोणाला विचारले असता खरे उत्तर मिळेल, ही माहिती त्या ठिकाणीच साठते आणि बरीचशी तेथेच उपयोगी पडते.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मधील एका निबंधात हा मुद्दा फार नेमकेपणाने मांडला. त्यांच्या मते आज्ञावली लिहिणे म्हणजे मुख्यतः ती लिहिणाऱ्यांच्या मनात एक समज उभारणे होय. लिहिलेला मजकूर व कागदपत्रे ही त्या समजेची केवळ अपुरी छाया. त्यांनी दिलेले उदाहरण उद्बोधक आहे. एका गटाने तयार केलेला कंपायलर दुसऱ्या गटाला थोडा वाढवून हवा होता. दुसऱ्या गटाला संपूर्ण कागदपत्रे मिळाली, टिपणांसह आज्ञावली मिळाली, पहिल्या गटाचा सल्लाही उपलब्ध होता. तरीही त्यांनी सुचविलेले बदल मूळ रचनेतच असलेल्या सोयी न ओळखता वरून ठिगळे लावणारे होते. पहिल्या गटाला ते एका दृष्टिक्षेपात कळले. नाऊर यांच्या म्हणण्यानुसार, ही समज बाळगणारा गट विखुरला की आज्ञावली चालू दिसली तरी मृत झालेली असते.

हिंजवडीत ज्याला ‘केटी’ म्हणतात, त्या ज्ञानहस्तांतराच्या बैठकांची मर्यादा यातून लक्षात यावी. कंत्राट संपण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत माहिती देता येते. अनेक महिन्यांत मुरलेली समज ओतून देता येत नाही.

संगणकाबाहेरचे पुरावेही याच दिशेने जातात. रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी २००६ मध्ये हृदयशल्यविशारदांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे शल्यविशारद एकाच काळात अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करीत. एखाद्या रुग्णालयात ज्याच्या हातून अधिक शस्त्रक्रिया होत, त्याचे तेथील निकाल सुधारत. मात्र त्या सरावाचा लाभ दुसऱ्या रुग्णालयातील निकालांत फारसा दिसत नसे. हात तेच, पण भोवतालची परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि पद्धती वेगळ्या. मॅथ्यू बिडवेल यांनी २०११ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक बँकेतील नोंदी तपासल्या, तेव्हा आतून बढती मिळालेल्यांच्या तुलनेत बाहेरून घेतलेल्या माणसांना सुमारे १८ ते २० टक्के अधिक वेतन मिळत असल्याचे, पण पहिली दोन वर्षे त्यांच्या कामाचे मूल्यमापन कमी होत असल्याचे दिसले. ही माणसे कंत्राटी नव्हती. तरीही एखाद्या ठिकाणी रुळण्यास किती काळ लागतो याची कल्पना त्यावरून येते.

अर्थात याला दुसरी बाजू आहे. एकाच प्रणालीत पंधरा वर्षे काढणाऱ्याचे जाणतेपण वाढत असताना कसब गंजू शकते. कंत्राटदाराला पुढचे काम मिळवायचे असते, म्हणून तो स्वतःच्या वेळेत आणि स्वतःच्या खर्चाने शिकत राहतो. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्येच दाखवून दिले होते, की कोठेही उपयोगी पडणाऱ्या शिक्षणावर खर्च करण्यास मालक फारसा राजी नसतो, कारण त्याचा लाभ घेऊन माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. कंत्राटी माणसाबाबत ही अनिच्छा आणखी वाढते. कायम माणसाला प्रशिक्षण मिळते पण निकड नसते. कंत्राटदाराला निकड असते पण प्रशिक्षण मिळत नाही.

करारच जेव्हा आड येतो

जाणतेपण यायला सहवास लागतो. पण कंत्राटाची कायदेशीर चौकट अनेकदा नेमका तोच नाकारते. याचे प्रसिद्ध उदाहरण मायक्रोसॉफ्टचे आहे. १९८० च्या दशकात या कंपनीने अनेक तंत्रज्ञ ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून नेमले. कामाचे स्वरूप पाहता हे कर्मचारीच ठरतात, असा निर्वाळा अमेरिकेच्या करखात्याने दिला. १९९२ मध्ये या मंडळींनी सवलतीच्या दरातील समभागांसारख्या लाभांसाठी दावा लावला आणि २००० मध्ये कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तो मिटविला. या कंत्राटींची ओळखपत्रे नारिंगी, तर कायम कर्मचाऱ्यांची निळी असत. खटल्यानंतर कंपनीने धडा घेतला तो मात्र वेगळाच. तात्पुरत्या माणसाने एक वर्ष काम केले, की त्याने १०० दिवस बाहेर राहावे, असा नियम झाला. २०१४ मध्ये त्याऐवजी १८ महिने काम आणि सहा महिने खंड अशी पद्धत आली. न्यायालयात माणूस ‘कर्मचारी’ ठरू नये म्हणून, ज्या क्षणी त्याला काम खऱ्या अर्थाने उमगू लागते त्याच क्षणी त्याला दाराबाहेर ठेवायचे, असा हा व्यवहार झाला.

ब्रिटनमध्ये एप्रिल २००० पासून ‘आयआर-३५’ नावाने ओळखला जाणारा करनियम आहे. नोकरासारखे काम करूनही स्वतःच्या एकखांबी कंपनीच्या आडून कमी कर भरणाऱ्यांना तो आळा घालतो. २०१७ मध्ये सरकारी आणि २०२१ मध्ये मध्यम व मोठ्या खासगी संस्थांवर ही पारख करण्याची जबाबदारी आली. माणूस खराच कंत्राटदार आहे का हे ठरविताना पाहिल्या जाणाऱ्या कसोट्यांपैकी एक अशी, की त्याला आपल्याऐवजी दुसऱ्या माणसाला कामावर पाठविता येते का? म्हणजे जो बदलता येतो तो कंत्राटदार. पण प्रणालीची खोल समज असलेला माणूस सहजी बदलता येत नाही, हेच तर तिचे मोल असते.

हा प्रश्न काही मोजक्या लोकांपुरता उरलेला नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१९ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार गूगलकडे त्या वर्षीच्या मार्चमध्ये सुमारे १ लाख २१ हजार तात्पुरती व कंत्राटी माणसे होती, तर पूर्णवेळ कर्मचारी १ लाख २ हजार.

बाहेरच्यांनी बुडविले, बाहेरच्यांनीच तारले

या साऱ्याचा कस लागला तो अमेरिकेच्या आरोग्य विमा संकेतस्थळाच्या प्रकरणात. १ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ सुरू झाले आणि जवळपास लगेच कोसळले. पहिल्या दिवशी केवळ सहा जणांना विमा नोंदणी पूर्ण करता आली. त्या कामासाठी ६० करार झालेले होते. ‘कंत्राटदारांनी घात केला’, असे म्हणणे सोपे होते आणि तसे म्हटलेही गेले. पण या साऱ्या कंत्राटदारांचे काम एकत्र जुळविण्याची जबाबदारी ज्या सरकारी संस्थेने स्वतःकडे ठेवली होती, तिच्यापाशी एवढ्या मोठ्या तांत्रिक जुळणीचा अनुभव नव्हता. प्रत्येकाला आपला तुकडा माहीत होता. संपूर्ण चित्र जाणणारा आणि ‘हे अजून तयार नाही’ असे ठामपणे सांगू शकणारा कोणी नव्हता.

विशेष म्हणजे सुटका करणारेही बाहेरचेच होते. सिलिकॉन व्हॅलीतून आलेल्या मोजक्या अभियंत्यांनी, आधीपासून कामावर असलेल्या कंत्राटी कंपन्यांच्याच माणसांना सोबत घेऊन, दोन महिन्यांत स्थळ बऱ्यापैकी चालते केले. माणसे बहुतांशी तीच होती. बदलले ते इतकेच, की एका कंपनीकडे समन्वय सोपविला गेला, बिघाडांचा रोजचा आढावा सुरू झाला आणि तांत्रिक निर्णय घेणारा जाणकार जागेवर आला. या अनुभवातून ऑगस्ट २०१४ मध्ये ‘यूएस डिजिटल सर्व्हिस’ स्थापन झाली. तिच्यात अनुभवी तंत्रज्ञ ठरावीक मुदतीसाठी थेट सरकारी सेवेत येत. २०२५ च्या जानेवारीत तिचे नाव व स्वरूप बदलले.

ब्रिटनमधील टीएसबी बँकेची कथाही अशीच. एप्रिल २०१८ मध्ये बँकेने आपल्या ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर हलविली आणि सुमारे १९ लाख लोकांना आपल्याच खात्याचे दार बंद झाले. हे काम बँकेच्या मूळ गटातील एका कंपनीकडे होते आणि त्या कंपनीने ८० हून अधिक बाहेरच्या पुरवठादारांची मदत घेतली होती. नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. पुढे बँकेच्या तत्कालीन माहिती अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः दंड झाला. ठपका होता तो पुरवठादाराच्या सिद्धतेची पुरेशी खातरजमा न केल्याचा. काम बाहेर देता येते, परीक्षा घेण्याची जबाबदारी बाहेर देता येत नाही, असाच या निर्णयाचा अर्थ.

भारतापुढील प्रश्न

भारतात याच प्रश्नाला कायद्यानेही हात घातला आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नेमण्यास ती काही अपवाद वगळता मनाई करते. मात्र कंत्राटदाराकडे नियमित नोकरीत असलेला, वेतनवाढ आणि सामाजिक सुरक्षा मिळणारा कर्मचारी तिच्या व्याख्येनुसार कंत्राटी कामगार ठरत नाही. त्यामुळे मोठ्या सेवा-कंपन्यांचे कायम अभियंते ग्राहकाच्या गाभ्यापर्यंत जाऊन काम करू शकतात.

तरीही ‘गाभा कोणता’ हा कायद्याने विचारलेला प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारण्याजोगा आहे. पासपोर्ट सेवा केंद्रात गेलेल्यांना त्याचे एक उत्तर पाहायला मिळते. तेथे कागदपत्रे व छायाचित्र घेण्याचे पहिल्या खिडकीवरील काम खासगी कंपनीचे कर्मचारी करतात. पडताळणी व मंजुरीच्या खिडक्यांवर मात्र सरकारी अधिकारी असतात. मोजता येणारे, वारंवारचे काम बाहेर आणि निर्णय आत, अशी ती विभागणी आहे. संगणक प्रणालीच्या बाबतीतही हेच सूत्र लावता येईल. नव्या तंत्राची ओळख, एखाद्या विशिष्ट कोड्याची उकल, ठरावीक मुदतीचे स्थलांतर, अचानक वाढलेला भार यांसाठी कंत्राटी माणूस उत्तम, अनेकदा कायम माणसापेक्षा सरस. प्रणालीची मूळ रचना, तिच्या नियमांमागील कारणे, सुरक्षेच्या किल्ल्या आणि ‘काम झाले की नाही’ हे ठरविण्याचा अधिकार मात्र घरच्याच माणसाकडे हवा. आणि त्या घरच्या माणसाला केवळ निविदा वाचता येऊन भागणार नाही. आज्ञावलीही वाचता आली पाहिजे.

कंत्राटी माणसाचे हितही यात गुंतले आहे. ज्याला बैठकीला बोलावले जात नाही, ज्याच्यासाठी प्रशिक्षण नसते, ज्याचा करार दर काही महिन्यांनी टांगणीला लागतो, त्याच्याकडून आस्थेची अपेक्षा करणे आणि ती दिसली नाही की ‘कंत्राटी असेच’ म्हणून मोकळे होणे, हा न्याय नव्हे. त्याच्या क्षमतेचा निम्मा भाग त्याचा स्वतःचा असतो. उरलेला निम्मा त्याला काय पाहू दिले आणि किती काळ राहू दिले यावर अवलंबून असतो.

थोडक्यात, कंत्राटी अधिक कुशल की कायम, या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या वर्गवारीत सापडत नाही. एखाद्या बँकेने वा सरकारी खात्याने आपल्या प्रणालीविषयी विचारायचा प्रश्न साधाच आहे. उद्या सर्व कंत्राटे एकदम संपली, तर ही प्रणाली कशी चालते हे सांगू शकणारा माणूस इमारतीत उरतो का? उत्तर ‘नाही’ असे असेल, तर दोष निघून गेलेल्या कंत्राटदाराचा नाही. ती समज आपल्याकडे राहावी याची तजवीज ज्यांनी केली नाही, त्यांचा तो दोष आहे.